कोंडलेला वारा आणि एकसारखा वेग

शस्त्रांच्या इतिहासात वेगाचे गोडवे फार गायिले गेले आहेत. एका मिनिटात किती गोळ्या सुटतात, हा प्रश्न सेनापतींनी विचारला, कारखानदारांनी विचारला आणि प्रेक्षकांनीही विचारला. पण त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लागोपाठ सुटलेली विसावी गोळी पहिल्या गोळीइतक्याच वेगाने जाते काय? दारूच्या बंदुकीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक काडतुसात दारूचे माप वेगळे बांधलेले असते. एका काडतुसाने दुसऱ्याचा वाटा खाल्ला, असे होत नाही. परंतु जी बंदूक दारूवर चालत नाही, कोंडलेल्या वायूवर चालते, तिची गोष्ट निराळी. तिथे सर्व गोळ्यांचे अन्न एकाच कोठारात साठविलेले असते, आणि पहिलीने जेवढे घेतले तेवढे दुसरीच्या वाट्यातून कमी होते. या कोठारातून प्रत्येकीला सारखेच माप कसे द्यावे, हा वायूच्या बंदुकीपुढचा सनातन प्रश्न होय. आणि गंमत अशी की, त्याचा सर्वांत कसोशीने विचार रणांगणावर झालाच नाही. तो झाला पेंटबॉल नावाच्या एका खेळाच्या निमित्ताने, अगदी अलीकडे, गेल्या चार-पाच दशकांत.

मात्र या प्रश्नाचा उगम पाहावयाचा तर अठराव्या शतकातील ऑस्ट्रियाकडे वळले पाहिजे. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्याने बार्तोलोमेउस गिरार्दोनी या तिरोळी कारागिराची हवेची बंदूक स्वीकारली. जत्रेत फुगे फोडण्यासाठी मिळते तसली ही खेळण्यातली बंदूक नव्हती. तिचा दस्ता म्हणजे लोखंडी पत्र्याचे पोकळ भांडे होते. त्यात हातपंपाने हवा भरावयाची, आणि एक भांडे पुरते भरण्यास सुमारे 1500 वेळा पंप मारावा लागे. नळीच्या बाजूला वीसएक गोळ्या राहतील अशी अरुंद नळी बसविलेली होती. बंदूक किंचित वर धरून आडवा ठोकळा ढकलला की पुढची गोळी आपल्या भाराने जागेवर येई. त्या काळचा शिपाई साध्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढी. तेव्हा धूर नाही, ठिणगी नाही आणि गोळीमागून गोळी सुटते आहे, हे दृश्य पाहणाऱ्याला चमत्कारासारखे वाटले असल्यास नवल नाही. 1803 ते 1806 या काळात उत्तर अमेरिका ओलांडून गेलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत अशीच एक हवेची बंदूक होती, आणि वाटेत भेटणाऱ्या आदिवासी प्रमुखांपुढे तिचे प्रयोग मुद्दाम करून दाखविले जात. ती बंदूक गिरार्दोनीच्या पद्धतीची होती, असे आता बहुतेक संशोधक मानतात.

पण या चमत्काराच्या पोटातच त्याचे वैगुण्य दडलेले होते. भांडे भरलेले असताना आतील हवेचा दाब, आधुनिक अदमासानुसार, बाहेरच्या हवेच्या सुमारे 50 पट असे. प्रत्येक गोळीबरोबर तो उतरत जाई. तीसएक गोळ्यांनंतर भांडे बदलावे लागे. कारण हवा पुरती संपलेली नसली तरी गोळीला जोर राहिलेला नसे. गिरार्दोनीच्या झडपेत मात्र एक स्वाभाविक न्याय होता. ती झडप आतील दाबानेच मिटलेली राहत असे, आणि चाप ओढल्यावर बसणाऱ्या ठोक्याने क्षणभर उघडे. दाब जास्त असेल तेव्हा ती लवकर मिटे आणि थोडी हवा सोडी. दाब कमी झाला की ती अंमळ जास्त वेळ उघडी राही आणि अधिक हवा सोडी. त्यामुळे गोळीचा वेग एकदम कोसळत नसे, हळूहळू उतरत असे. हा न्याय अपुरा होता, पण वायूच्या बंदुकीने एकसारखेपणाच्या दिशेने टाकलेले ते एक पाऊल होते. चामड्याच्या चकत्या ओल्या ठेवणे, भांड्यांची गळती थांबविणे आणि पंपाचे ते अपार कष्ट यांपुढे सैन्य थकले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ही बंदूक सेवेतून निघाली.

त्यानंतर एका वेगळ्याच वायूने या क्षेत्रात प्रवेश केला. 1823 मध्ये मायकेल फॅरडेने कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, दाबाखाली द्रवरूप करून दाखविला होता. याच शतकाच्या उत्तरार्धात पॉल जिफार या फ्रेंच संशोधकाने द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक सिद्ध केली. कल्पना मोठी मोहक होती. हवा कोंडली तर तिचा दाब प्रत्येक बाराबरोबर उतरतो. पण बाटलीत द्रव शिल्लक आहे तोवर त्यावरील वाफेचा दाब, तापमान बदलले नाही तर, बदलत नाही. 20 अंश सेंटिग्रेडला तो हवेच्या दाबाच्या सुमारे 57 पट असतो, मग बाटली पाऊण भरलेली असो वा पाव. जणू निसर्गानेच बंदुकीला एक नियामक बहाल केला होता. परंतु ‘तापमान बदलले नाही तर’ या चार शब्दांत पुढच्या सगळ्या तक्रारींचे बीज होते.

त्या तक्रारी उघड होण्यास विसाव्या शतकातील अमेरिकेची अरण्ये कारणीभूत झाली. तोडावयाच्या किंवा राखावयाच्या झाडांवर रंगाची खूण करणे हे वनखात्याचे नित्याचे काम. ओढ्यापलीकडच्या, काटेरी जाळीतल्या झाडापर्यंत पोचणे हा त्यातला त्रास. मिशिगन राज्यातील नेल्सन पेंट कंपनी असे रंग पुरवीत असे. दुरूनच रंग फेकता येईल तर किती बरे, या विचारातून 1960 च्या दशकात क्रॉसमन या हवाई बंदुकांच्या कारखान्याने एक पिस्तूल काढले. ते फारसे चालले नाही. पुढे नेल्सन कंपनीने डेझी या दुसऱ्या कारखान्याकडून ‘नेल-स्पॉट 007’ हे पिस्तूल करवून घेतले, आणि ते टिकले. रंगाची गोळी आली ती औषधाच्या कारखान्यातून. 1933 मध्ये रॉबर्ट शेरर याने डेट्रॉइटमध्ये दोन फिरत्या साच्यांमधून जिलेटिनच्या मऊ कुप्या एकसारख्या भरण्याचे यंत्र सिद्ध केले होते. माशाच्या तेलाच्या कुप्या ज्या रीतीने होत, त्याच रीतीने रंगाच्या कुप्या होऊ लागल्या. वनरक्षकांबरोबर गुराख्यांनीही कळपातील जनावरांवर खुणा करण्यासाठी हे पिस्तूल वापरले. त्याचे ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारे, हे नाव तेव्हाचे. आणि खेळाडू आजही बंदूक हा शब्द टाळून तेच नाव वापरतात.

27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या रानात बारा माणसे ही पिस्तुले घेऊन उतरली. लेखक चार्ल्स गेन्स, त्यांचे शेअर-दलाल मित्र हेझ नोएल आणि बॉब गर्न्सी यांनी हा बेत रचला होता. अडचणीच्या प्रसंगी तग धरण्यात शहरातला मनुष्य सरस की रानावनात वावरणारा, हा त्यांच्यातील जुना वाद होता. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करून, अंगावर रंग न पडता बाहेर यावयाचे, असा नियम ठरला. जिंकला तो एक वनाधिकारी. आणि त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही! पेंटबॉलचा इतिहास सांगताना ही गोष्ट अगत्याने सांगितली जाते, कारण पुढे दोन दशकांत हाच खेळ सेकंदाला पंधरा गोळ्यांच्या गतीला जाऊन भिडला.

आरंभीच्या त्या पिस्तुलात एकसारखेपणाचा प्रश्न फारसा जाणवत नसे, आणि याचे श्रेय त्याच्या मंदपणाला होते. बारा ग्रॅम वायूची छोटी कुपी, दहाएक गोळ्यांची आडवी नळी. प्रत्येक बारानंतर अडसर मागे ओढावयाचा, पिस्तूल तिरपे करून गोळी घरंगळू द्यावयाची आणि अडसर पुन्हा पुढे सारावयाचा. एवढ्या वेळात कुपी आपली हरवलेली ऊब परत मिळवी. पुढे हात मागेपुढे करून भरावयाचे पंपाचे मार्कर आले, मोठ्या बाटल्या आल्या, वर शेकडो गोळ्या मावणारी पेटी आली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस चाप ओढताच आपोआप भरणारे मार्कर आले, आणि मग थंडीने आपला प्रताप दाखविला.

उन्हाळ्यात माठातील पाणी गार का होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पाझरलेले पाणी वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. वायूच्या बाटलीतही हेच घडते. प्रत्येक बारासाठी थोड्या द्रवाची वाफ व्हावी लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता बाटलीतूनच जाते. सावकाश गोळ्या झाडल्या तर बाहेरची हवा ती उष्णता भरून काढते. भराभर झाडल्या तर बाटली गार पडते, तिच्यावर आधी दव आणि मग हिमाचा पातळ थर दिसू लागतो. तापमान शून्य अंशावर आले की आतील दाब 57 पटींवरून सुमारे 35 पटींवर येतो. वीस-पंचवीस गोळ्यांच्या एका झडीत शेवटच्या गोळ्या अर्ध्या वाटेवरच जमिनीकडे झुकू लागत, त्या यामुळेच. याहूनही वाईट म्हणजे, घाईघाईने वायू ओढताना कधी कधी द्रवच मार्करमध्ये येई. उबदार पोकळीत तो अवचित उकळे, आणि एखादी गोळी ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोराने सुटे. दुर्बळ गोळीने फार तर डाव हरतो; अवचित सुटलेल्या जोरदार गोळीने मनुष्य जखमी होतो.

या अडचणीला तोंड देताना कारागिरांच्या निरनिराळ्या परंपरा निर्माण झाल्या. टिपमन यांच्या कारखान्यातील मार्कर बळकट आणि साधे होते. सुटलेल्या वायूचा एक वाटा गोळीला पुढे ढकली, तर दुसरा वाटा आतील घणाला मागे फेकून पुढच्या बारासाठी सज्ज करी. यात भाग थोडे आणि दुरुस्ती सोपी. पण एकाच वायूवर दोन कामांचा बोजा असल्याने दाब घसरला की दोन्ही कामे एकदम बिघडत. घण पुरेसा मागे न जाता आपोआपच पुन्हा पुढे येई, आणि मार्कर धाप लागलेल्या माणसासारखा उगाच फुसफुसत राही.

टॉम के यांनी 1990 मध्ये आणलेल्या ‘ऑटोमॅग’ची विचारसरणी अगदी भिन्न होती. त्यांनी मार्करच्या आत, पोकळीच्या तोंडाशीच एक दाब-नियामक बसविला. बाटलीतील दाब वर-खाली झाला तरी पोकळीत ठरावीक दाबाचाच वायू भरावयाचा. चाप ओढला की आधी पुरवठ्याचे दार बंद होई आणि मगच पोकळीतील वायू गोळीमागे मोकळा सुटे. वाण्याने मापट्यात धान्य भरून, पोत्याचे तोंड मिटून, मगच माप रिकामे करावे, तसा हा प्रकार. प्रत्येक गोळीला एकच माप. मात्र मापटे भरण्यास वेळ लागतो, आणि बोट त्याहून चपळ असेल तर अर्धवट भरलेलेच माप रिते होते. नियामकाची खरी परीक्षा होते ती या भरण्याच्या चपळाईत. तो किती अचूक दाब देतो, इतकेच पाहून भागत नाही. एका बारानंतर तो त्या दाबावर पुन्हा किती लवकर येतो, हेही पाहावे लागते. ऑटोमॅगच्या पुढील आवृत्त्यांत मुख्य सुधारणा झाली ती याच बाबतीत.

बड ऑर यांचा ‘ऑटोकॉकर’ याच काळातला. पंपाच्या मार्करवर छोटी हवाई यंत्रणा बसवून हाताचे काम तिच्याकडून करून घ्यावयाचे, ही त्याची युक्ती. बार होण्यापूर्वी गोळी नळीत स्थिर बसलेली असे आणि अडसर मिटलेला असे. त्यामुळे त्याचा नेम अधिक पक्का, अशी खेळाडूंची श्रद्धा होती. पण बोटाने घाई करून चाप पुरता मागे जाऊ दिला नाही, तर यंत्रणेचा फेरा अपुरा राही आणि गोळी नळीच्या तोंडातच चिरडे. तेव्हा एकसारखेपणा यंत्रावर जितका, तितकाच बोटाच्या शिस्तीवर अवलंबून होता.

1990 च्या दशकात द्रवरूप वायूची जागा पुन्हा कोंडलेल्या हवेने घेतली. जणू कालचक्र फिरून गिरार्दोनीपाशी आले. फरक एवढाच की, पत्र्याच्या भांड्याऐवजी आता तंतूंनी वेढलेल्या बाटल्या होत्या. त्यांत हवेच्या दाबाच्या 200 ते 300 पटींपर्यंत हवा भरता येई, आणि बाटलीच्या तोंडावरील नियामक तो दाब उतरवून मार्करला देई. इथे काहीही उकळत नाही, म्हणून गारठ्याचा उपद्रव फारच थोडा. बाटलीतील दाब नियामकाच्या दाबापेक्षा वर आहे तोवर पहिली गोळी आणि तीनशेवी गोळी यांत फरक पडण्याचे कारण उरत नाही. गिरार्दोनीला जे झडपेच्या ठोक्यावर सोपवावे लागले, ते काम आता स्प्रिंग आणि दट्ट्या यांच्या तोलावर सोपविले गेले.

1996-97 च्या सुमारास अमेरिकेत ‘शॉकर’ आणि इंग्लंडमध्ये ‘एंजल’ हे विजेवर चालणारे मार्कर आले. यात चाप म्हणजे केवळ विजेची कळ. झडप किती सहस्रांश सेकंद उघडी राहावी, हे आतील विद्युतमंडल ठरवी. बोट जोरात ओढले की हळू, याचा गोळीच्या वेगाशी संबंधच उरला नाही. परंतु एक अडथळा दूर झाला की त्यामागचा दुसरा दिसू लागतो. आता गोळ्याच वेळेवर येईनात. या खेळातील नेहमीच्या गोळीचा व्यास 0.68 इंच, म्हणजे सुमारे 17 मिलिमीटर. स्थिर असलेली गोळी केवळ स्वतःच्या भाराने तेवढे अंतर खाली येण्यास सेकंदाचे सुमारे 59 सहस्रांश घेते. सेकंदाला पंधरा गोळ्या सोडावयाच्या तर दोन बारांमध्ये अवघे 67 सहस्रांश असतात, आणि त्यातलाही काही भाग अडसर पुढे-मागे होण्यात जातो. न्यूटनच्या सफरचंदाने घातलेली ही मर्यादा कोणत्याही झडपेला ओलांडता येईना. अर्धवट उतरलेली गोळी अडसराखाली सापडून फुटे, नळी रंगाने बरबटे, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा गोळ्या वाटेल तिकडे जात. म्हणून मोटर लावून गोळ्या खाली रेटणाऱ्या पेट्या आल्या, आणि गोळी पुरती जागेवर आली की नाही हे प्रकाशकिरणाने पाहणारे ‘डोळे’ आले. गोळी दिसल्याखेरीज झडप उघडावयाचीच नाही.

इतके होऊनही एकसारखेपणाची अखेरची किल्ली यंत्राच्या हाती नसून गोळीच्या हाती होती. जिलेटिनची कुपी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत ठिसूळ होते. नळीपेक्षा गोळी बारीक असेल तर वायू तिच्या कडेने निसटतो, आणि ती बार होण्याआधीच पुढे घरंगळते. जाड असेल तर ती घासते किंवा फुटते. म्हणूनच जाणते खेळाडू निरनिराळ्या व्यासांच्या नळ्या जवळ बाळगतात आणि सकाळी एक गोळी नळीत ठेवून तोंडाने फुंकून पाहतात. ती आपोआप घसरू नये, पण फुंकरीने बाहेर पडावी. हजारो रुपयांच्या यंत्राची जुळणी अशी एका फुंकरीवर येऊन ठेपते.

हा सारा खटाटोप केवळ डाव जिंकण्यासाठी होता, असे समजणे योग्य नव्हे. सुमारे तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला 300 फुटांच्या वेगाने निघाली तर तिच्यात साधारण 12 जूल इतकी ऊर्जा असते. अंगावर तिने निळा डाग उठतो; उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून चेहरा झाकणारा मुखवटा अनिवार्य मानला गेला, आणि 300 फूट ही वेगाची कमाल मर्यादा सर्वत्र रूढ झाली. खेळापूर्वी प्रत्येक मार्करचा वेग यंत्रावर मोजला जातो. पण हे मोजमाप सावकाश झाडलेल्या चार गोळ्यांवरून होते. कार्बन डायऑक्साइडवरचा मार्कर सकाळी 20 अंशांत मर्यादेला लावला आणि दुपारी पारा 30 वर गेला, तर बाटलीतील दाब 57 पटींवरून सुमारे 72 पटींवर चढतो. चांगला नियामक नसेल तर कोणीही हात न लावता तो मार्कर बेकायदा होतो. याच्या उलट, झिजलेल्या नियामकातून थोडा थोडा वायू झिरपत राहिला तर विश्रांतीनंतरची पहिली गोळी नेहमीपेक्षा जोरात जाते. आणि रबरी चकत्या चिकटून बसल्या तर तीच पहिली गोळी मंद निघते. सरासरी वेग निर्दोष असून चालत नाही. समोरच्या माणसाला सरासरी गोळी लागत नसते. लागते ती एकच गोळी, आणि तिचा वेग तिचा स्वतःचा असतो.

गतीची हाव मात्र यंत्रे सुधारल्याने शमली नाही. विजेच्या मार्करमध्ये बोटाच्या एका ओढीला अधिक गोळ्या सोडण्याच्या क्लृप्त्या आल्या, तेव्हा स्पर्धांच्या चालकांना गोळ्यांच्या संख्येवरही बंधन घालावे लागले. अमेरिकेतील प्रमुख स्पर्धांत एके काळी सेकंदाला 15 गोळ्यांची मुभा होती. ती टप्प्याटप्प्याने उतरवीत दहाच्या आसपास आणली गेली. काही खेळाडू तर त्याहून मागे गेले आहेत. दहा गोळ्यांची नळी आणि बारा ग्रॅमची कुपी घेऊन, प्रत्येक बारानंतर मार्कर तिरपा करून, ते आजही जुन्या पद्धतीने खेळतात.

गिरार्दोनीच्या पत्र्याच्या भांड्यापासून विजेच्या झडपेपर्यंतचा हा प्रवास सव्वादोनशे वर्षांचा आहे. त्यात वेग वाढविण्याची युक्ती अनेकांना सुचली. पण प्रत्येक वेळी वाढलेल्या वेगाने मागच्या पिढीला न दिसलेला एक दोष उघडा केला, आणि तो दोष निस्तरण्यातच पुढच्या पिढीचे कौशल्य खर्ची पडले. दाबाने हवेची मर्यादा दाखविली, गारठ्याने द्रवाची, मापट्याने नियामकाची, आणि गुरुत्वाकर्षणाने शेवटी गोळीचीच. ज्यांनी ही यंत्रे घडविली, त्यांना शीघ्रतेसाठी जितके झटावे लागले, त्याहून कितीतरी अधिक त्या शीघ्रतेत पहिल्या आणि शेवटच्या गोळीला समान न्याय देण्यासाठी झटावे लागले.